काशी, चुनार, काठमांडू : महाराणी जिंदां

मणिकर्णिका घाटापासून थोड्याच अंतरावर काशीविश्वनाथाचे सुवर्णमंडित शिखर दिसते. मंदिर अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारले; शिखरावरील सोने मात्र पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचे. त्याच रणजितसिंहांची विधवा, महाराणी जिंदां, १८४८ मध्ये कंपनी सरकारची बंदिवान म्हणून या नगरीत आणली गेली.

जिंदां या दरबारच्या श्वानशाळेवरील अधिकारी मन्नासिंह औलख यांची कन्या. १८३५ मध्ये विवाह, १८३८ मध्ये पुत्र दलीपसिंहाचा जन्म आणि पुढच्याच वर्षी वैधव्य. १८४३ मध्ये पाच वर्षांचा दलीपसिंह गादीवर आला व राज्याची सूत्रे मातेच्या हाती आली. डिसेंबर १८४६ च्या भैरोवालच्या तहाने ती काढून घेण्यात आली. १८४७ मध्ये मुलगाही दुरावला आणि त्यांची रवानगी शेखूपुऱ्याला झाली. शीख सैनिक त्यांच्याभोवती पुन्हा एकवटतील, ही धास्ती इंग्रजांना होती आणि ती अनाठायी नव्हती.

काशीहून त्यांना गंगेच्या वरच्या अंगास असलेल्या चुनारच्या किल्ल्यात हलविण्यात आले. हे कंपनीचे जुने लष्करी ठाणे. एप्रिल १८४९ मध्ये दासीच्या वेषात महाराणी तेथून निसटल्या आणि तराई ओलांडून महिनाअखेरीस काठमांडूस पोहोचल्या. पण २९ मार्च रोजीच पंजाब खालसा झाला होता; परत जावे असे राज्यच उरले नव्हते.

जंगबहादूर राणांनी आश्रय दिला. सुगौलीच्या तहानंतरही नेपाळचे राज्य टिकून होते, परंतु काठमांडूत इंग्रज रेसिडेंट होता आणि जंगबहादुरांना त्याची मर्जी सांभाळावयाची होती. साहजिकच पाहुणचारासोबत पहाराही आला. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबातील स्त्रियांना व बेगम हजरत महल यांनाही याच जंगबहादुरांनी आसरा दिला. १८५७ च्या उठावात मात्र ते इंग्रजांच्या बाजूने लढले होते. त्यांच्या औदार्याचे मोजमाप करताना हे दुहेरी धोरण दृष्टीआड करणे उचित नव्हे.

१८६१ मध्ये कलकत्त्यास मायलेकांची भेट झाली. तोवर मुलगा ख्रिस्ती झाला होता आणि आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. ती त्याच्यासमवेत इंग्लंडला गेली व १ ऑगस्ट १८६३ रोजी तेथेच निवर्तली. १८६४ मध्ये दलीपसिंहांनी तिचा देह हिंदुस्थानात आणला, परंतु त्यांना पंजाबात जाण्याची परवानगी नव्हती. अंत्यसंस्कार नाशिकला गोदाकाठी झाले. मुलाने तेथे लहानशी समाधी बांधली. १९२४ मध्ये नात बंबा सदरलँड यांनी अस्थी लाहोरला नेऊन रणजितसिंहांच्या समाधिस्थानी ठेवल्या.