जेआरडी आणि नागपूरची मध्यरात्रीची टपाल विमाने

भंडाऱ्याहून नागपूरचा विमानतळ साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तेथून मुंबईचे सुमारे ६९० किलोमीटरचे हवाई अंतर जेट विमान दीड तासात कापते. अंतर आणि वेळेचे हे गणित भारतीयांच्या अंगवळणी पाडणाऱ्या जे. आर. डी. टाटा यांचा एक अंदाज मात्र याच नागपुराने चुकविला होता.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना १९२९ मध्ये भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी त्यांनी एकट्याने कराचीहून पस मॉथ हे चिमुकले विमान उडविले. सोबत टपालाची थैली होती. अहमदाबादला थांबून ते दुपारी दोनच्या आत मुंबईत जुहूला उतरले. सुमारे एक हजार किलोमीटरच्या या मार्गाला सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आगगाडीच्या तुलनेत ही झेप मोठीच होती. त्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून लंडनला झेपावले.

पुढच्याच वर्षी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. त्यामुळे एका महानगरातील पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या महानगरात पोहोचू लागले. रात्री उतरण्याच्या सोयी अपुऱ्या असल्याने जेआरडींचा या योजनेला विरोध होता. तो डावलला गेला आणि सेवा दोन दशकांहून अधिक काळ चालली. तथापि, १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले टपाल विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. वेग साधला होता, पण सुरक्षिततेविषयीची जेआरडींची काळजीही अनाठायी नव्हती.

त्याच वर्षी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ते न पटूनही जेआरडी एअर इंडियाच्या अध्यक्षपदी राहिले. १९६० मध्ये कंपनीच्या ताफ्यात बोइंग ७०७ आले. १९७८ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. तरीही १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९९२ मध्ये ते 'भारतरत्न'चे मानकरी ठरले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तेथून नियमित प्रवासी विमान उडाले ते २०२२ मध्ये, जेआरडींच्या पहिल्या उड्डाणानंतर तब्बल नव्वद वर्षांनी.