बद्रुद्दीन तय्यबजी : पेशा आणि ध्येय

मुलगा दहावी-बारावी झाला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. डॉक्टर करायचा, इंजिनिअर करायचा, की पासपोर्ट काढून आखातात पाठवायचा? पोटापाण्याचा प्रश्न मोठा आहे, हे कोण नाकारील? पण पेशा हाती आल्यावर आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आपण मुलांना सहसा विचारत नाही. मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावे ते या प्रश्नासाठी.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी. इंग्रजी शिकला की मुलगा दीनाला मुकला, असे मानण्याचा तो काळ. पण या गृहस्थाने आपले मुलगे शिक्षणासाठी थेट विलायतेला धाडले. वडीलभाऊ कमरुद्दीन तेथे सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये, आणि १८६० साली इंग्लंडला गेले.

डोळ्यांनी त्यांना लहानपणापासून छळले होते. शिक्षण ऐन भरात असताना, १८६४ साली, दृष्टी इतकी बिघडली की सारे अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. वीस वर्षांच्या तरुणाने येथेच हाय खाल्ली असती, तर कोणी दोष दिला नसता. घरचा व्यापार होताच. पण वर्षभराने ते पुन्हा लंडनला गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे वकिली उत्तम चालली, पैसा आला, नाव झाले.

आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट येथे संपते. त्यांची येथे सुरू झाली.

शहरात शाळा-कॉलेजे निघत होती, पारशी आणि हिंदू मुले पदव्या घेत होती, आणि मुसलमान मुले त्या वर्गांत दिसत नव्हती. सरकारला दोष देत बसणे सोपे होते. त्याऐवजी १८७४ साली बद्रुद्दीन, कमरुद्दीन, आपल्या कोकणी समाजातले नाखुदा महंमद अली रोघे अशा काही मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था काढली. शाळा उघडायला १८८० साल उजाडले. सहा वर्षे! संस्था चालविणाऱ्यांना ही सहा वर्षे कशी गेली असतील हे सांगावे लागणार नाही. आरंभी तीन शिक्षक आणि शंभर-सव्वाशे मुले एवढाच पसारा होता. हायकोर्टात गाजणारा बॅरिस्टर या लहानशा शाळेसाठी वेळ काढीत राहिला, आणि पुढे १८९३ मध्ये बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनची देखणी इमारत उभी राहिली.

दरम्यान राष्ट्रीय काम अंगावर आले होते. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले. काँग्रेसचे हे पहिले मुसलमान अध्यक्ष. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांना हे मुळीच रुचले नाही. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे त्यांचे मत होते. दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचे म्हणणे असे होते की, जे प्रश्न सर्वांचे आहेत ते सर्वांनी मिळून मांडावेत, आणि ज्या ठरावाला मुसलमान एकमुखाने विरोध करतील तो काँग्रेसने हाती घेऊ नये. १८८८ साली काँग्रेसने तसा नियमही केला.

तरीही बहुसंख्य मुसलमान पुढारी काँग्रेसकडे वळले नाहीत. तेव्हा निराश होऊन तय्यबजींनी ह्यूम साहेबांना सुचविले की, काँग्रेसची अधिवेशने पाचेक वर्षे बंद ठेवावीत. सूचना मान्य झाली नाही. चरित्रकार हा प्रसंग घाईने ओलांडतात; मला तो महत्त्वाचा वाटतो. ध्येयवादी माणसाला शंका येत नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. या माणसाला शंका आली आणि ती त्यांनी लपविली नाही. १८९० पासून अंजुमनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. शाळेचे काम थांबले नाही.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. जुलै १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे जामिनाचा अर्ज गेला, तो नामंजूर झाला. ऑगस्टच्या आरंभी तोच अर्ज तय्यबजींपुढे आला. १८९३ च्या दंगलीपासून टिळक आणि मुसलमान समाज यांच्यात अंतर पडलेले होते; सरकारची मर्जी कोणीकडे आहे हेही उघड होते. तय्यबजींनी पाहिले ते इतकेच की, आरोपीला बचावाची तयारी करण्याचा हक्क आहे आणि तो पळून जाणारा माणूस नाही. त्यांनी जामीन दिला. पुढे खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायमूर्तींकडून. (टिळकांच्या वतीने हा जामीन मागणारे बॅरिस्टर दावर हेच १९०८ साली न्यायासनावर बसले आणि त्यांनी टिळकांना सहा वर्षांची सजा ठोठावली!)

सर सय्यद १८९८ साली अल्लाला प्यारे झाले. त्यांनीच सुरू केलेली मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स १९०३ मध्ये मुंबईत भरली, आणि अध्यक्षस्थानी होते तय्यबजी. राजकारणातले भांडण त्यांनी तालीमच्या आड येऊ दिले नाही. त्या भाषणात त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली, आणि पडद्याची रूढी धर्माने सांगितल्यापेक्षा जास्त कडक झाली आहे असे स्पष्टपणे मांडले. अनेकांना ते झोंबले. पण हा उपदेश दुसऱ्यांच्या मुलींपुरता नव्हता. स्वतःच्या मुलींना त्यांनी पूर्वीच शाळेत घातले होते, आणि १९०४ साली दोघींना इंग्लंडच्या शाळेत पाठविले.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी, रजेवर लंडनला गेले असता, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि अंजुमनचे अध्यक्षही होते.