जॉर्ज बीटसन

सर जॉर्ज थॉमस बीटसन (१८४८–१९३३) हे स्कॉटिश शल्यविशारद होते. स्तनाच्या कर्करोगाच्या वाढीशी अंडाशयाचा संबंध असल्याचे त्यांनी शस्त्रक्रियेद्वारे दाखवून दिले. या रोगावरील संप्रेरक-उपचारांचा आरंभ त्यांच्या कार्यापासून मानला जातो.

जन्म व शिक्षण

बीटसन यांचा जन्म सिलोनमधील (आताचा श्रीलंका) त्रिंकोमाली येथे झाला. केंब्रिज व एडिनबरा येथे शिक्षण घेऊन त्यांनी १८७८ मध्ये एम.डी. पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय दुग्धस्रवण हा होता. गाय अधिक काळ दुभती राहावी म्हणून काही देशांत तिचे अंडाशय काढून टाकतात, अशी माहिती त्यांना या अभ्यासात मिळाली. एका अवयवाचे नियंत्रण दूरच्या दुसऱ्या अवयवावर चालू शकते, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले. ‘संप्रेरक’ ही संकल्पना तेव्हा अस्तित्वात नव्हती.

संशोधन

१८९५ मध्ये स्तनाचा कर्करोग उलटलेली ३३ वर्षांची एक स्त्री ग्लासगो येथे त्यांच्याकडे आली. पुन्हा स्तनावर शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. बीटसन यांनी तिच्या संमतीने दोन्ही अंडाशय काढले. काही महिन्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. हा वृत्तान्त १८९६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र रोग पुन्हा उद्भवला आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षांनी त्या स्त्रीचा मृत्यू झाला. १९०० मध्ये स्टॅन्ली बॉइड यांनी अशा शस्त्रक्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश रुग्णांनाच लाभ झाल्याचे आढळले. सर्व गाठी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत नाहीत, हे त्यामागील कारण पुढे इस्ट्रोजेन-ग्राहींच्या शोधामुळे स्पष्ट झाले.

महत्त्व

अंडाशयातील संप्रेरके कमी केल्यास गाठ आक्रसते, तर तीच बाहेरून दिल्यास काय होईल, हा प्रश्न विसाव्या शतकात रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-उपचारांमुळे पुढे आला. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या २००२ मधील निष्कर्षांनुसार इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला. गर्भाशय काढलेल्या व केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र अशी वाढ आढळली नाही. संबंध खरा असला तरी तो सरळ नाही, हे बीटसन यांच्या रुग्णांवरूनही दिसून आले होते.

बीटसन यांनी स्कॉटलंडमधील रुग्णवाहिका-सेवा व रेड क्रॉसच्या उभारणीतही भाग घेतला. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्लासगो येथील कर्करोग केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.