मुसोलिनीचं गाणं वाजवायला नकार दिला म्हणून थोबाडीत खाल्ली, पण तोस्कानिनी झुकले नाहीत

तारीख १४ मे १९३१. इटलीतलं बोलोन्या शहर.

रात्रीच्या कार्यक्रमासाठी थिएटरच्या दारात एक गाडी येऊन थांबते. गाडीतून ६४ वर्षांचे एक गृहस्थ उतरतात. सोबत बायको आणि मुलगी. दारात काळे शर्ट घातलेल्या पोरांचं टोळकं उभंच असतं. त्यातला एक जण पुढे येऊन विचारतो, आमचं गाणं वाजवणार का? गृहस्थ नाही म्हणतात. पुढच्या क्षणाला त्यांच्या थोबाडीत बसते. मग तोंडावर, डोक्यावर ठोसे. कसंबसं त्यांना परत गाडीत कोंबलं जातं आणि गाडी हॉटेलकडे पळवली जाते. कार्यक्रम रद्द.

मार खाणारे गृहस्थ म्हणजे आर्तुरो तोस्कानिनी. त्या काळातले जगातले सगळ्यात गाजलेले कंडक्टर. ज्या गाण्यावरून हे सगळं झालं ते होतं 'जोव्हिनेत्झा', म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचं गीत.

आज एखाद्या गायकानं किंवा संगीतकारानं राजकारणावर तोंड उघडलं की दोन प्रकारच्या कमेंट हमखास येतात. एक, तू आपलं गाणं बजावणं बघ. दोन, इतके दिवस कुठे होतास? तोस्कानिनींना हे दोन्ही ऐकावं लागलं असतं. कारण ज्या मुसोलिनीला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, त्याच मुसोलिनीच्या यादीतून ते एकदा निवडणुकीला उभे राहिले होते.

म्हणूनच त्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे.

शिंप्याचं पोर ते ला स्कालाचे प्रमुख

तोस्कानिनींचा जन्म २५ मार्च १८६७ चा, इटलीतल्या पार्मा शहरातला. वडील क्लाउदिओ शिंपी होते. पण नुसते शिंपी नाही, इटलीच्या एकीकरणासाठी गॅरिबाल्डीच्या फौजेतून लढलेले. त्यामुळे घरात पैसा नव्हता, पण देशप्रेमाच्या गोष्टी भरपूर होत्या. नऊ वर्षांचं असताना पोरगं संगीत विद्यालयात गेलं आणि शिष्यवृत्तीवर चेलो शिकलं. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा भाऊ, दोन पायांमध्ये उभा धरून वाजवतात तो.

१८८६ साली एका इटालियन ऑपेरा कंपनीसोबत ते ब्राझीलला गेले. रिओमध्ये व्हर्दीच्या 'आयदा'चा प्रयोग होता. कंपनीचं आणि स्थानिक कंडक्टरचं बिनसलं, तो निघून गेला. त्याच्या जागी जो उभा राहिला त्याला लोकांनी आरडाओरडा करून पळवून लावलं. शेवटी १९ वर्षांच्या या चेलोवाल्याला पुढे ढकलण्यात आलं. त्यानं समोरचं संगीताचं पुस्तक मिटलं आणि अख्खा ऑपेरा तोंडपाठ वाजवून घेतला.

तिथून मागे वळून बघितलं नाही. पुच्चिनीच्या 'ला बोहेम'चा पहिला प्रयोग १८९६ साली तुरीनमध्ये त्यांनीच केला. १८९८ साली ते मिलानच्या ला स्कालाचे प्रमुख झाले. ला स्काला म्हणजे इटालियन ऑपेराची पंढरीच. १९०८ ते १९१५ या काळात न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा गाजवलं. पहिल्या महायुद्धात तर ते लष्करी बँड घेऊन थेट आघाडीवर गेले आणि तोफांच्या आवाजात वाजवून आले.

थोडक्यात, देशद्रोही म्हणून हिणवावं असा हा माणूस नव्हता.

मुसोलिनीच्या यादीत नाव

आता येतो तो अडचणीचा भाग. १९१९ साली इटलीत निवडणूक लागली. मुसोलिनी तेव्हा नवा गडी होता. त्याच्या जाहीरनाम्यात बायकांना मतदानाचा हक्क, आठ तासांचा कामाचा दिवस, श्रीमंतांवर कर अशी आश्वासनं होती. राजेशाही नको असलेल्या तोस्कानिनींना ते पटलं आणि मिलानमधून मुसोलिनीच्या उमेदवारांच्या यादीत त्यांनी आपलं नाव दिलं.

निकाल? सगळी यादी आपटली. मिलानमध्ये पाच हजार मतंसुद्धा पडली नाहीत.

पुढच्या तीन वर्षांत मुसोलिनीनं रंग बदलला. कामगारांच्या कचेऱ्या जाळणं, विरोधकांना भररस्त्यात चोपणं हे काळ्या शर्टवाल्यांचं रोजचं काम झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये रोमवर चाल करून तो पंतप्रधानही झाला. तोस्कानिनी तोवर त्याच्यापासून लांब गेले होते. आपण चुकलो हे त्यांना कळलं होतं आणि तसं वागायला त्यांनी सुरुवात केली.

त्याच डिसेंबरमध्ये ला स्कालात 'फाल्स्टाफ'चा प्रयोग चालू होता. मध्येच प्रेक्षकांतल्या फॅसिस्टांनी जोव्हिनेत्झा वाजवा म्हणून गोंधळ घातला. तोस्कानिनींनी हातातली छडी मोडली आणि ते आत निघून गेले. गाणं काही त्यांनी वाजवलं नाही. पुढे थिएटरात मुसोलिनीचा फोटो लावायचा हुकूम आला. तोही त्यांनी मानला नाही.

१९२६ साली तर थेट मुसोलिनीशीच गाठ पडली. पुच्चिनी वारला होता आणि त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या 'तुरांदोत'चा पहिला प्रयोग ला स्कालात होता. मुसोलिनी हजर राहणार, पण तो आला की जोव्हिनेत्झा वाजलं पाहिजे अशी अट. तोस्कानिनींनी नकार दिला. शेवटी मुसोलिनीच आला नाही. २५ एप्रिलच्या त्या रात्री पुच्चिनीची लेखणी जिथे थांबली होती, तिथेच तोस्कानिनींनी छडी खाली ठेवली आणि प्रयोग संपवला.

मुसोलिनी हे सगळं का सहन करत होता? कारण सोपं आहे. ला स्कालामुळे जगात इटलीचं नाव होत होतं आणि ते नाव तोस्कानिनींमुळे होतं. पण ही सूट कायमची नव्हती. १९२९ साली तोस्कानिनींनी ला स्काला सोडलं आणि ते न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्राकडे जास्त लक्ष देऊ लागले.

बोलोन्यात नेमकं काय झालं?

१९३१ चा तो कार्यक्रम ज्युसेप्पे मार्तुच्ची या संगीतकाराच्या स्मरणार्थ होता. तोस्कानिनींना त्याच्याबद्दल फार आदर. कार्यक्रमाला कोस्तान्झो चानो आणि लेआंद्रो आर्पिनाती हे सरकारमधले दोन बडे नेते येणार होते. त्यांच्या स्वागताला राजाचं गीत आणि जोव्हिनेत्झा वाजवा, असं सांगण्यात आलं. तोस्कानिनींचं म्हणणं एवढंच होतं, की हा श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, इथे पक्षाचं गाणं बसत नाही.

त्याचं उत्तर ठोशांनी मिळालं. जमाव हॉटेलखालीही आला, खिडकीखाली घोषणा आणि शिव्या सुरू झाल्या. संगीतकार रेस्पिगी मध्यस्थी करायला गेले, तर सकाळ व्हायच्या आत शहर सोडा असा निरोप त्यांच्याकडे देण्यात आला. तोंड सुजलेल्या अवस्थेत तोस्कानिनी रातोरात गाडीनं मिलानला परतले. त्यांनी झाला प्रकार सांगणारी तार मुसोलिनीला पाठवली. उत्तर आलं नाही. आलं ते पोलीस. पासपोर्ट जप्त झाला, घरावर पहारा बसला, फोन चोरून ऐकले जाऊ लागले.

फॅसिस्ट वृत्तपत्रांनी मारणाऱ्यांना नाही, मार खाणाऱ्यालाच दोषी ठरवलं. पण देशाबाहेर उलट झालं. सर्गेई कुसेवित्स्की या बड्या कंडक्टरनं ला स्कालातले आपले कार्यक्रम रद्द केले. हंगेरीत बेला बार्तोक या संगीतकारानं तोस्कानिनींच्या बाजूनं ठराव लिहिला. बोंब एवढी झाली की सरकारला पासपोर्ट परत द्यावा लागला.

त्यानंतर तोस्कानिनींनी ठरवलं, फॅसिस्टांची सत्ता आहे तोवर इटलीत छडी हातात धरायची नाही.

मग हिटलरचं पत्र आलं

तोस्कानिनी वाग्नरच्या संगीताचे भक्त. जर्मनीत बायरॉइटला खास वाग्नरसाठी भरणाऱ्या महोत्सवात १९३० साली त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी मानधनही घेतलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ती वारीच होती.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेत आला आणि ज्यू कलाकारांना नोकरीवरून हाकलायला सुरुवात झाली. त्याविरोधात अमेरिकेतल्या संगीतकारांनी हिटलरला तार केली. त्या तारेवर पहिलं नाव होतं तोस्कानिनींचं. लगेच जर्मन रेडिओवर सही करणाऱ्यांच्या रेकॉर्ड बंद झाल्या.

पण बायरॉइटला तोस्कानिनी हवेच होते. हिटलरनं स्वतः पत्र लिहून त्यांना यायचा आग्रह केला. तोस्कानिनींनी काही आठवडे वाट बघितली. ज्यू कलाकारांचे हाल थांबत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी येत नाही म्हणून कळवून टाकलं. बोलोन्यात त्यांनी नको असलेलं गाणं नाकारलं होतं. इथे त्यांनी सगळ्यात जवळचं संगीत सोडलं. त्यांच्या जागी रिचर्ड स्ट्राउस उभा राहिला.

१९३६ साली व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमान यांनी युरोपातून हाकललेल्या ज्यू वादकांना घेऊन पॅलेस्टाईनमध्ये ऑर्केस्ट्रा उभा केला. २६ डिसेंबरला तेल अवीवमधला पहिला कार्यक्रम तोस्कानिनींनी केला. मानधन शून्य आणि प्रवासखर्चही खिशातून. हाच ऑर्केस्ट्रा पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि कित्येक दशकं त्याची धुरा आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी सांभाळली.

दुसरी बाजू पण होती

सगळे कलाकार तोस्कानिनींसारखे वागले नाहीत. जर्मनीचे विल्हेल्म फुर्टव्हेंगलर हे त्यांच्याच तोडीचे कंडक्टर. त्यांचं म्हणणं होतं की संगीत राजकारणाच्या वर असतं आणि वाईट काळात लोकांना त्याची जास्त गरज असते. ते जर्मनीतच राहिले. त्यांनी काही ज्यू वादकांना मदतही केली. पण नाझींनी त्यांच्या नावाचा वापर करून घेतला तो घेतलाच.

१९३६ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या जागेसाठी तोस्कानिनींनीच फुर्टव्हेंगलर यांचं नाव सुचवलं होतं. लोकांनी एवढा विरोध केला की फुर्टव्हेंगलर यांना माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये दोघांचा खटका उडाला. हिटलरच्या राज्यात वाजवणाऱ्यानं इथे वाजवू नये, असं तोस्कानिनींचं मत झालं होतं.

तोस्कानिनी संत होते असंही नाही. ऑर्केस्ट्रापुढे ते स्वतःच हुकूमशहा व्हायचे. सूर चुकला की वादकांना शिव्या, छड्यांची मोडतोड हे नेहमीचंच. मुसोलिनीशी भांडणारा माणूस तालमीत मुसोलिनीच वाटायचा, अशी टीका त्यांच्यावर झाली. फरक एवढाच की तालमीतल्या वादकाला घरी जाता यायचं.

पंधरा वर्षांनी मिलान

फेब्रुवारी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरपुढे नमतोय हे दिसताच त्यांनी साल्झबर्गही सोडलं. त्याच वर्षी मुसोलिनीनं ज्यूंविरोधी कायदे आणले. तोस्कानिनी फोनवर त्याबद्दल चिडून बोलले, पोलिसांनी ते ऐकलं आणि पासपोर्ट पुन्हा जप्त झाला. परदेशी वृत्तपत्रांनी पुन्हा आवाज उठवल्यावर तो परत मिळाला आणि ते अमेरिकेला गेले. तिथे एनबीसी रेडिओनं १९३७ साली खास त्यांच्यासाठी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. युद्धात त्यांनी अमेरिकन सरकारच्या प्रचारपटासाठी व्हर्दीची एक रचना वाजवली आणि तिच्यातल्या इटलीच्या उल्लेखापुढे स्वतः एक शब्द घातला. त्या शब्दाचा अर्थ होता, दगा दिलेली.

ऑगस्ट १९४३ मध्ये ला स्कालावर बॉम्ब पडले, छप्पर कोसळलं. युद्ध संपल्यावर मिलानकरांनी आधी ते थिएटर बांधायला घेतलं आणि तोस्कानिनींना बोलावणं धाडलं. तोस्कानिनींनी एक गोष्ट पक्की केली. १९३८ च्या कायद्यामुळे ज्यू म्हणून काढलेले कोरसचे प्रमुख व्हित्तोरे व्हेनेझियानी यांना परत कामावर घ्यायचं.

११ मे १९४६ ला ७९ वर्षांचे तोस्कानिनी ला स्कालात उभे राहिले. कोरसपुढे व्हेनेझियानी होते. आत जागा नव्हती म्हणून बाहेरच्या चौकात लाऊडस्पीकर लावले होते आणि लोक रस्त्यावर उभे राहून ऐकत होते.

१९४९ साली राष्ट्रपतींनी त्यांना तहहयात सिनेटर केलं. तोस्कानिनींनी तेही नम्रपणे नाकारलं. १९५४ साली त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला आणि १६ जानेवारी १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना मिलानमध्ये पुरण्यात आलं.

तोस्कानिनींच्या नकारानं मुसोलिनी पडला नाही, त्यासाठी महायुद्ध व्हावं लागलं. १९१९ ची चूकही त्यांच्या नावावर कायम आहे. पण त्या चुकीमुळे आता बोलायचा हक्क उरला नाही, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. जोव्हिनेत्झा वाजवायला फक्त काही मिनिटं लागली असती, आणि त्या काही मिनिटांसाठी त्यांनी पंधरा वर्षं मायदेशातला मंच सोडला.