राजगुरू कार्डिनल फ्लरी

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एका फ्रेंच धर्मगुरूचे चरित्र पाहून कित्येक बंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु आमची सारी हयात मुलांना शिकविण्यात गेली. शिक्षकाच्या हाती राज्यसूत्रे आली असता तो काय करतो, हे जाणण्याची आम्हांस फार दिवसांची उत्सुकता. त्या दृष्टीने कार्डिनल फ्लरी यांच्याइतके बोधप्रद चरित्र आमच्या वाचनात दुसरे आले नाही.

आंद्रे एर्क्यूल द फ्लरी यांचा जन्म इ. स. १६५३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील लोदेव्ह या गावी झाला. वडील धर्मसंस्थेकडील कराची वसुली करीत. घराणे मोठ्या सरदारांपैकी नव्हे. पॅरिस येथे जेझुइटांच्या विद्यालयात शिकून फ्लरी कॅथलिक धर्मगुरू झाले आणि मधुर वाणी व सावध वर्तन एवढ्या भांडवलावर चौदाव्या लुईच्या दरबारी शिरले. पुढे त्यांस फ्रेज्यूस येथील बिशपपद मिळाले. दरबारात वावरलेल्या मनुष्यास तो दूरचा प्रांत म्हणजे एक प्रकारची हद्दपारीच. पण तेथेही त्यांनी सुमारे सोळा वर्षे निमूटपणे काढली.

१७१५ साली चौदावा लुई मरण पावला. त्याने मृत्युपत्राच्या पुरवणीत आपल्या पणतूचा शिक्षक म्हणून फ्लरी यांची योजना केली होती. हा पणतू, म्हणजे पंधरावा लुई, त्या वेळी पाच वर्षांचा. १७१२ मध्ये एका महिन्याच्या आत त्याचे आई, वडील व थोरला भाऊ तिघेही निवर्तले होते. अशा पोरक्या, लाजाळू मुलाजवळ बासष्ट वर्षांचे फ्लरी येऊन बसले. लॅटिन, इतिहास, भूगोल, गणित असा क्रम चाले. १७१८ मध्ये बालराजाने युरोपातील प्रमुख नद्यांविषयीची एक लहान पुस्तिका आपल्या हाताने छापली. आठ वर्षांच्या मुलाकडून असे काही करवून घेणे सोपे नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मुलाचा जीव शिक्षकावर किती जडला होता, हे १७२२ च्या ऑगस्टात दिसले. राजाचा पालक मार्शल व्हिलरुआ यास राजप्रतिनिधीने अटक करविली, तेव्हा फ्लरीही कोणास न सांगता दरबारातून निघून गेले. राजाने रडून आकांत मांडला. तेव्हा शोध करून त्यांस परत आणणे भाग पडले. १७२५ च्या डिसेंबरात मुख्य प्रधान ड्यूक ऑफ बूर्बाँ याने राणीच्या मदतीने फ्लरींना वगळून राजाची भेट घेतली. फ्लरी तत्काळ इसी येथे निघून गेले, आणि राजाने बूर्बाँकडूनच त्यांस परत बोलावणे धाडविले! आपल्या शिष्याचे दुर्बल स्थान गुरूस पक्के ठाऊक होते. हे प्रेम, की डाव? आमच्या मते दोन्ही.

जून १७२६ मध्ये बूर्बाँ पदच्युत झाला आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी फ्लरींच्या हाती फ्रान्सचा कारभार आला. त्याच वर्षी ते कार्डिनल झाले. मुख्य प्रधान ही पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. थोरल्या बाजीरावांच्या त्या काळात मराठे माळवा-गुजरातेत स्वाऱ्या करीत होते. इकडे फ्लरींचा सारा भर काटकसरीवर व शांततेवर. जॉन लॉच्या कागदी चलनाच्या धुळधाणीनंतर १७२६ मध्ये त्यांनी लिव्हर या नाण्याचे मूल्य स्थिर केले, ते राज्यक्रांतीपर्यंत टिकले. अर्थमंत्री ओरी याच्या साहाय्याने जमाखर्चाचा मेळ बसविला. रस्ते उत्तम झाले, परंतु ते शेतकऱ्यांच्या वेठीने झाले, हे विसरता येत नाही. जॅन्सेनपंथीयांचा त्यांनी केलेला छळही आम्हांस समर्थनीय वाटत नाही.

१७३३ मध्ये राजाचे सासरे स्टॅनिस्लाव यांच्या पोलंडच्या गादीसाठी युद्ध जुंपले. फ्लरींनी डँझिगला मोजकेच सैन्य पाठविले. लोकांनी त्यांस भ्याड म्हटले. परंतु तहात पोलंडच्या बदली सासरेबुवांस लोरेन प्रांत तहहयात मिळाला, व त्यांच्या पश्चात तो फ्रान्सकडे यावा असे ठरले.

शेवट मात्र कष्टाचा झाला. १७४१ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षे उलटल्यावर, बेल-इल आदी सरदारांच्या उत्साहापुढे त्यांचे चालले नाही व फ्रान्स ऑस्ट्रियाशी भिडला. युद्धास आपला विरोध होता असे फ्लरींनी एका ऑस्ट्रियन सेनापतीस पत्राने कळविले; मारिया थेरेसाने ते पत्रच प्रसिद्ध केले आणि म्हाताऱ्याचे युरोपभर हसे झाले. २९ जानेवारी १७४३ रोजी इसी येथे त्यांचे देहावसान झाले. सतरा वर्षे राज्य हाती असूनही त्यांनी स्वतःसाठी मोठी संपत्ती जमविली नव्हती.

आता यापुढे आपण स्वतःच राज्य करणार, असे राजाने जाहीर केले. त्याचे वय तेव्हा बत्तीस. परंतु निर्णयाची सवयच त्यास लागली नव्हती. मंत्री व मर्जीतील स्त्रिया यांच्या ओढाताणीत तो सापडला. सोळाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत गुरूने शिष्याची प्रत्येक बेरीज स्वतःच करून दिली होती. फ्लरींच्या चरित्रात आम्हांस हाच मोठा दोष दिसतो, आणि तो केवळ त्यांचाच नव्हे, म्हणून अधिक बोचतो. आमच्याही हातून हुशार पण भित्र्या मुलांच्या बाबतीत असे घडले आहे.

१७६६ मध्ये स्टॅनिस्लाव वारले आणि ठरल्याप्रमाणे लोरेन फ्रान्सला मिळाला. फ्लरींना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.