बाजारातला मॅनिफोल्ड पटला नाही म्हणून या मेकॅनिकने स्वतःचाच बनवला, त्यातूनच एडेलब्रॉक हा ब्रँड उभा राहिला

जुनी गाडी घेऊन तिच्या इंजिनमधून जास्त ताकद काढायची हौस जगभर आहे. आधी सायलेन्सर बदलला जातो, मग एअर फिल्टर, मग कार्बोरेटर. एवढं झालं की गडी येऊन अडकतो तो इनटेक मॅनिफोल्डपाशी.

कारण तिथे एकच उत्तर नसतं. एका मॅनिफोल्डने गाडी सिग्नलवरून झटकन उचलते पण वर गेल्यावर दम टाकते. दुसऱ्याने हायवेवर सुसाट पळते पण शहरात रडते. घ्यायचा कोणता?

हाच प्रश्न १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका पंचविशीतल्या मेकॅनिकला पडला होता. बाजारात जे होतं ते त्याला पटेना. म्हणून त्याने स्वतःचा मॅनिफोल्ड बनवला. त्याचं नाव व्हिक एडेलब्रॉक. आज अमेरिकेत जुन्या व्ही-८ इंजिनचं बॉनेट उघडलं की मॅनिफोल्डवर हे नाव कोरलेलं दिसण्याची शक्यता बरीच असते.

दुकान जळालं आणि शाळा सुटली

व्हिकचा जन्म १९१३ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. घरचं किराणा दुकान होतं. १९२७ मध्ये त्या दुकानाला आग लागली आणि घराचा आधारच गेला. व्हिक तेव्हा १४ वर्षांचा. त्याने शाळा सोडली आणि कामाला लागला.

काम काय, तर विचिटा शहरातून फोर्डच्या मॉडेल टी गाड्या आसपासच्या शेतांवर पोहोचवायच्या. रस्ते इतके खराब की गाडी धडपणे पोहोचेल याची खात्री नाही. वाटेत काहीतरी निखळायचं, काहीतरी तुटायचं. मग रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करायचं आणि पुढे निघायचं. इंजिनची पहिली शिकवणी त्याला ही अशी मिळाली. पुढे तो एका गॅरेजमध्ये मेकॅनिक झाला.

तेवढ्यात महामंदी आली. कॅन्ससमध्ये काम मिळेना, तेव्हा १९३१ मध्ये तो भावाकडे कॅलिफोर्नियाला गेला. १९३३ मध्ये त्याचं केटीशी लग्न झालं. मेहुण्यासोबत त्याने बेव्हर्ली हिल्समध्ये विल्शायर बुलेव्हार्डवर गॅरेज टाकलं आणि १९३४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं. काम चांगलं होतं, गिऱ्हाईक वाढत गेलं.

गरिबाची व्ही-८

इथे फोर्डच्या एका इंजिनची ओळख करून घ्यावी लागेल. १९३२ मध्ये हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलेंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं. २२१ घन इंचांचं, म्हणजे साधारण ३.६ लिटरचं. सुरुवातीला त्याची ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. दोनच वर्षांत ती ८५ पर्यंत गेली.

याला फ्लॅटहेड म्हणतात. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड चपटं. या रचनेत हवेला आत जायचा रस्ता वाकडातिकडा. इंजिन तापायचंही लवकर. पण स्वस्त होतं, सहज मिळायचं आणि कष्टकरी पोरांच्या आवाक्यात होतं. कॅलिफोर्नियातली तरणी पोरं जुन्या फोर्ड घेऊन वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर जायची. तिथली जमीन मैलोन् मैल सपाट. मडगार्ड काढायचे, हेडलाइट काढायचे आणि गाडी हाणायची. हॉट रॉडिंग नावाचा प्रकार वाढला तो इथेच.

१९३८ मध्ये व्हिकनेही १९३२ ची एक ओपन फोर्ड रोडस्टर घेतली. आठवडाभर ती रस्त्यावर पळायची आणि शर्यत असली की तीच गाडी तळ्यावर जायची. त्याच्या पुढच्या सगळ्या निवडींमागे ही गोष्ट आहे. त्याला फक्त तळ्यावर पळणारं इंजिन चालणार नव्हतं. त्याच इंजिनने सोमवारी ट्रॅफिकमध्येही चालायला हवं होतं.

मॅनिफोल्ड नेमकं करतो काय?

कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. ते मिश्रण प्रत्येक सिलेंडरपर्यंत नेणारा पोकळ ओतीव भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. ऐकायला साधं काम आहे, पण त्यात दोन भानगडी आहेत.

पहिली वाटणीची. पेट्रोलचे थेंब हवेपेक्षा जड. वळण आलं की हवा वळते, थेंब मात्र सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. मग एका सिलेंडरला पेट्रोल जास्त मिळतं, दुसरा उपाशी राहतो. उपाशी सिलेंडरसाठी कार्बोरेटर मोकळा करावा, तर बाकीच्यांना नको तेवढं पेट्रोल जातं. पंगतीत वाढपी घाईत असला की पहिल्या पानाला चार जिलेब्या आणि शेवटच्याला नुसता पाक, तसला प्रकार.

दुसरी भानगड वेगाची. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर बोट ठेवलं की धार जोरात लांब जाते. पण तसंच बोट ठेवून बादली भरायला घेतली तर वेळ लागतो. मॅनिफोल्डच्या नळ्यांचंही तसंच आहे. नळी अरुंद असली तर कमी आरपीएमलाही आतली हवा वेगात जाते, पेट्रोल हवेसोबत राहतं आणि पिकअप चांगला मिळतो. पण आरपीएम वाढला की तीच नळी गळा आवळते. नळी रुंद असली की उलटं. वरच्या आरपीएमला मोकळा श्वास, पण खाली हवा रेंगाळते, पेट्रोल भिंतींवर साचतं आणि गाडी उचलत नाही.

म्हणजे मॅनिफोल्ड बदलला की ताकद वाढतेच असं नाही. पुष्कळदा ती फक्त एका आरपीएमवरून दुसऱ्या आरपीएमला सरकते.

स्लिंगशॉट

व्हिकने आधी टॉमी थिकस्टन नावाच्या होतकरू डिझायनरसोबत फ्लॅटहेडसाठी मॅनिफोल्ड बनवायला घेतला होता. पण त्याचा निकाल त्याच्या मनासारखा आला नाही. आता दोनच रस्ते होते. आहे त्यावर भागवायचं, नाहीतर नव्याने सुरुवात करायची. इंजिनियरिंगची पदवी सोडा, व्हिकने शाळाही पूर्ण केलेली नव्हती. तरीही त्याने दुसरा रस्ता धरला.

त्याच्या मॅनिफोल्डवर एका कार्बोरेटरऐवजी दोन होते, स्ट्रॉमबर्ग ९७ जातीचे. पण नुसता एकाच्या जागी दोन लावणं ही युक्ती नव्हती. खरी गोष्ट होती १८० डिग्री रचनेची.

हे जरा समजून घेऊ. व्ही-८ इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट ९० डिग्री फिरला की एका सिलेंडरची पाळी येते. आठही सिलेंडर एकाच डब्यातून ओढायला लागले तर एकाची ओढ संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि एकमेकांचा घास पळवतात. १८० डिग्री रचनेत मॅनिफोल्डचे दोन वेगळे भाग करतात. पहिली पाळी एका भागातून, दुसरी दुसऱ्या भागातून, तिसरी पुन्हा पहिल्यातून. प्रत्येक भागाला दोन पाळ्यांमध्ये १८० डिग्रीचा अवधी मिळतो. ओढाताण कमी होते, वाटणी सुधारते आणि खालचा पिकअप टिकतो. पुढे डुअल प्लेन नावाने जे मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध झाले, त्यांचंही तत्त्व हेच.

व्हिकने दोन कार्बोरेटरमुळे वरची हवा वाढवली आणि १८० डिग्रीमुळे खालची पकड सोडली नाही. आठवडाभर चालवायच्या आणि शर्यतीला न्यायच्या गाडीला नेमकं हेच हवं होतं. या मॅनिफोल्डला नाव पडलं स्लिंगशॉट, म्हणजे आपली गलोल.

नोव्हेंबर १९४१ मध्ये रोझमंडच्या कोरड्या तळ्यावर व्हिकच्या रोडस्टरने ताशी १२१ मैलांच्या वर, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरचा वेग गाठला. तळ्यावरची पोरं हुशार होती. ज्याची गाडी पळते त्याच्या बॉनेटखाली काय आहे हे आधी बघायची. व्हिककडे मॅनिफोल्डची मागणी येऊ लागली. त्याने साधारण १०० स्लिंगशॉट विकले.

युद्ध, कॅटलॉग आणि डायनो

त्या विक्रमानंतर काही आठवड्यांतच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. शर्यती बंद पडल्या. व्हिक लाँग बीचच्या जहाज कारखान्यात वेल्डिंग करू लागला, विमानांचे सुटे भागही त्याने हाताने घडवले. युद्ध संपलं तेव्हा धातूकामात त्याचा हात आणखी पक्का झाला होता.

१९४६ मध्ये त्याने आपला पहिला कॅटलॉग काढला. गाड्या दुरुस्त करणारा माणूस आता सुटे भाग बनवून विकणारा कारखानदार झाला होता. त्याने कामाची पद्धतही बदलली. तळ्यावर गाडी पळवून बघायला दिवस मोडायचा, वारा आणि जमीन यांचाही फरक पडायचा. डायनोवर मात्र इंजिन गॅरेजमध्येच बांधून त्याची ताकद मोजता येते. एक भाग बदला, मोजा, दुसरा लावा, पुन्हा मोजा. कोणत्या आरपीएमला फायदा आणि कोणत्या आरपीएमला तोटा, हे आकड्यांत समोर येतं.

याचा प्रताप १९५० मध्ये दिसला. मिजेट नावाच्या छोट्या रेसिंग गाड्यांत तेव्हा ऑफेनहाउसर इंजिनचा दबदबा होता. ती खास शर्यतीसाठी घडवलेली महागडी इंजिनं. व्हिकच्या गाडीत होतं फोर्डचं छोटं व्ही-८, कंपनीतून निघताना जेमतेम ६० हॉर्सपॉवरचं. व्हिक आणि त्याच्या साथीदारांनी नायट्रोमिथेन या इंधनावर प्रयोग केले होते. हे इंधन पेट्रोलच्या कित्येक पट जास्त ओतावं लागतं, म्हणजे सिलेंडरपर्यंत ते सारखं पोहोचवणं आणखीच अवघड. ऑगस्ट १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या गिल्मोर स्टेडियमवर रॉजर वॉर्डने हीच गाडी चालवून ऑफेनहाउसरवाल्यांना हरवलं.

इंजिन बदललं, प्रश्न तोच

१९५३ नंतर अमेरिकेत फोर्डने गाड्यांतून फ्लॅटहेड काढून टाकलं. ज्या इंजिनवर धंदा उभा होता तेच गेलं. १९५५ मध्ये शेव्हरोलेने नवं व्ही-८ आणलं. लहान, हलकं, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, हवेला जायला चांगला रस्ता. अनेक जुने हॉट रॉडवाले फ्लॅटहेडला चिकटून राहिले. व्हिक मात्र नव्या इंजिनसाठी मॅनिफोल्ड बनवायला लागला. १९५८ मध्ये त्याच्या टीमने क्रॉस रॅम मॅनिफोल्ड लावून २८३ घन इंचांच्या शेव्हरोले इंजिनमधून दर घन इंचामागे एक हॉर्सपॉवर काढली. आजच्या हिशेबाने लिटरला सुमारे ६१. त्या काळात हा आकडा मोठा मानला जायचा.

पण क्रॉस रॅम काय किंवा स्लिंगशॉट काय, त्याने सगळ्यांना एकच औषध दिलं नाही. शर्यतीचा मॅनिफोल्ड वेगळा, रस्त्याचा वेगळा.

नोव्हेंबर १९६२ मध्ये कॅन्सरने व्हिकचा मृत्यू झाला. वय फक्त ४९. मुलगा व्हिक ज्युनियर तेव्हा २६ वर्षांचा होता. कारखाना त्याच्या हातात आला आणि पुढे त्याने तो कितीतरी पटीने वाढवला.

कंपनीने नंतर त्याच छोट्या शेव्हरोले व्ही-८ साठी विकलेले तीन मॅनिफोल्ड बघितले तरी वडिलांची शिकवण कळते. परफॉर्मर हा डुअल प्लेन, अगदी आयडलपासून ५५०० आरपीएमपर्यंतच्या कामाचा. परफॉर्मर आरपीएम हाही डुअल प्लेन, पण १५०० ते ६५०० चा. आणि व्हिक्टर ज्युनियर हा सिंगल प्लेन, म्हणजे सगळ्या नळ्या एकाच मोकळ्या डब्यातून निघालेल्या. त्याचं काम ३५०० च्या पुढे सुरू होतं. रोज बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला हा तिसरा लावला, तर ज्या आरपीएमला ती दिवसभर फिरते तिथेच ती कमजोर होणार.

त्यामुळे जुन्या इंजिनसाठी मॅनिफोल्ड घेताना सगळ्यात मोठा कोणता हे विचारण्यात अर्थ नाही. गाडी जास्त वेळ किती आरपीएमला फिरते, गिअरचं गणित काय आहे, कॅमशाफ्ट कोणता आहे, कार्बोरेटर केवढा आहे, हे आधी बघायचं. कॅमशाफ्ट स्टँडर्ड ठेवून नुसता रेसिंगचा मॅनिफोल्ड लावला, तर पैसे जातात आणि पिकअपही जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते इंजिनलाही लागू आहे.

व्हिकच्या हातात १९३८ मध्ये कॉम्प्युटर नव्हता, डायनोही नव्हता. एकच गाडी होती आणि ती सगळ्या कामाला लागायची. आपली गाडी कुठे आणि कशी चालते हे त्याला पक्कं माहीत होतं, मॅनिफोल्ड त्याने त्यानंतर बनवला.