विजयदुर्गच्या तळाशी : तुळाजी आंग्रे

नाशिकहून आपले ग्रुप मालवणला स्कूबा डायव्हिंगला जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची प्रवाळं आणि रंगीत मासे बघून खूश होऊन परत येतात. पण त्याच किनाऱ्यावर, विजयदुर्गच्या पाण्यात एका मराठी माणसाचं अख्खं आरमार बुडालं, हे कितीजणांना माहीत असतं?

तो माणूस म्हणजे तुळाजी आंग्रे, सरखेल कान्होजींचा मुलगा. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि भावाभावांत फूट पडली. मानाजी कुलाब्याला, तर संभाजी आणि त्यांच्यामागून तुळाजी विजयदुर्गला. तुळाजी जिद्दी दर्यावर्दी. १७४९ मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' हे जहाज पकडलं. पण ते पेशव्यांनाही जुमानेनात. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये चक्क इंग्रजांशी करार केला आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग हातचा गेला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गवर आली. तुळाजी तहाची बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले, ते तिथेच अडकले. इकडे एक तोफगोळा नेमका 'रिस्टोरेशन'वर पडला. गुराबा, गलबतं जवळजवळ नांगरलेली. लाकूड, डांबर, दोरखंड, शिडं! बघता बघता सगळं आरमार पेटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सिंगल पॉइंट फेल्युअर'.

आज तिथे बुडी मारली तर सिनेमातल्यासारखं जहाज दिसेल, ही अपेक्षा सोडा. समुद्रातलं उघडं लाकूड जहाजकिडा पोखरून फस्त करतो. गाळाखाली दबलेलं तेवढं टिकतं, कारण तिथे ऑक्सिजन पोचत नाही. दगड, तोफा, नांगर मात्र राहतात. त्यांवर कालवं, स्पंज चिकटतात, फटींत मासे घर करतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना विजयदुर्गच्या पाण्यात जुने दगडी नांगर सापडले आहेत.

तुळाजींचं उरलेलं आयुष्य वेगवेगळ्या किल्ल्यांवर कैदेत गेलं आणि शेवटही कैदेतच झाला. किल्ला काही महिने इंग्रजांनी दाबून ठेवला आणि पेशव्यांना तो बाणकोट देऊन सोडवून घ्यावा लागला. पुढे धुळपांनी विजयदुर्गहून आरमार चालवलं खरं, पण आंग्र्यांचा तो दरारा परत आला नाही.

मित्रांनो, शत्रूची तोफ एक जहाज पेटवते. बाकीची जळतात ती आपल्याच भांडणामुळे. पुढच्या वेळी मालवणला जाल तेव्हा विजयदुर्गला जरूर थांबा आणि तटावरून त्या पाण्याकडे दोन मिनिटं बघा.